आरोग्य विमा नसेल तर काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णांच्या नातेवाइकांना योजना, कागदपत्रं आणि बिलं यांत मदत करताना जे प्रश्न सारखे कानावर पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रापुरती आहेत. सरकारी योजनांचे नियम आणि याद्या बदलत राहतात, तेव्हा निर्णय घेण्याआधी योजनेच्या हेल्पलाइनला (155388) एक फोन जरूर करा.

आम्ही घरचे सगळे धडधाकट आहोत. विमा नाही म्हणून तब्येतीला काय फरक पडणार?

विमा नाही म्हणून कुणी आजारी पडत नाही. पण आजारी पडल्यावर माणूस डॉक्टरकडे कधी जातो, सांगितलेल्यांपैकी किती तपासण्या करतो आणि औषध मध्येच सोडतो का, हे खिसा बघून ठरायला लागतं. खर्चाच्या धास्तीने दुखणं अंगावर काढलं जातं आणि खरं नुकसान तिथे सुरू होतं. बिल फार नंतर येतं.

आमच्याकडे आलेल्या एका रिक्षावाल्या काकांची गोष्ट सांगतो. वय पन्नाशीच्या पुढे, शुगर जुनी. नव्या चपलेने पायाच्या अंगठ्याला फोड आला. चार दिवस हळद लावली, मग मेडिकलवाल्याने एक मलम आणि गोळ्या दिल्या. पाय सुजला तेव्हा गल्लीतले डॉक्टर म्हणाले, ॲडमिट व्हा, पू काढावा लागेल. काकांचा पहिला प्रश्न होता, डिपॉझिट किती? आकडा ऐकून ते घरी आले. रिक्षाचा हप्ता त्याच आठवड्यात होता, तो आधी भरला. पुढे अंगठा काळा पडला, वास यायला लागला, तेव्हा मुलगा उचलून घेऊन गेला. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. फोड होता तेव्हा ड्रेसिंग आणि अँटिबायोटिकवर भागलं असतं असं सर्जननेच सांगितलं. या सगळ्या काळात काकांच्या कपाटात केसरी रेशनकार्ड होतं. म्हणजे सरकारी योजनेत ते बसत होते. त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं.

घरातल्या बायकांचं दुखणं तर सगळ्यात शेवटी दवाखान्यात पोचतं. अंगावरून जास्त जाणं, स्तनातली गाठ, रक्त कमी असल्याची धाप, हे सगळं मुलांची फी आणि दिवाळी उरकल्यावर बघू म्हणून मागे पडतं. पैसे कमी असले की घरात रांग लागते आणि त्या रांगेत आई शेवटी उभी असते.

विम्याने जीव वाचतो याला काही पुरावा आहे, की नुसत्या गोष्टी?

पुरावा आहे आणि तो आपल्या शेजारचाच आहे. कर्नाटक सरकारने 2010 मध्ये राज्याच्या उत्तर भागात दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी वाजपेयी आरोग्यश्री योजना आणली. हृदयविकार, कॅन्सर, मूत्रपिंडाचे विकार यांसारख्या मोठ्या आजारांवर मोफत उपचार असं तिचं स्वरूप होतं. योजना आधी काही भागांतच लागू झाल्यामुळे संशोधकांना हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची गावं ताडून बघता आली. हा अभ्यास 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. योजनेत बसणाऱ्या आजारांमुळे होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण, योजना असलेल्या गावांतल्या गरीब कुटुंबांत 0.32 टक्के आणि नसलेल्या गावांत 0.90 टक्के निघालं. दवाखान्यात भरती झाल्यावर खिशातून होणारा खर्चही सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला होता.

वेळ आली की पैसे उभे करू. आजवर सगळे तेच करत आले ना?

करत आले, आणि कसे करत आले तेही बघा. आधी घरातली रोकड आणि बँकेतली शिल्लक. मग एफडी मोडली जाते, भिशी उचलली जाते. मग सोनं गहाण. मग भाऊ, मेहुणा, कंपनीतला सुपरवायझर. तेही संपले की बचतगट, मायक्रोफायनान्स आणि शेवटी सावकार. गावाकडे एखादा तुकडा असेल तर तो. घाईत विकलेल्या जमिनीला आणि घाईत मोडलेल्या सोन्याला कधीच बरा भाव येत नाही.

सावकाराचं गणित मांडून बघा. दोन लाख रुपये शेकडा 3 ने महिन्याच्या व्याजावर घेतले तर दर महिन्याला 6,000 रुपये नुसतं व्याज. वर्षाला 72,000. मुद्दल जागेवरच.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 च्या आकडेवारीनुसार (बाळंतपणं सोडून) एकदा भरती होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात 4,452 रुपये, तर खासगीत 31,845 रुपये होता. ही देशाची सरासरी आहे आणि त्यात तापाच्या दोन दिवसांपासून सगळं येतं. बायपास, किडनी किंवा आयसीयूतला आठवडा कुठे जातो याचा अंदाज बिल पाहिलेल्याला असतोच. त्याच पाहणीत ग्रामीण भागातल्या सुमारे 86 टक्के आणि शहरी भागातल्या सुमारे 81 टक्के लोकांकडे कुठलंच आरोग्य संरक्षण नव्हतं.

शिवाय बिलात न दिसणारा खर्च वेगळाच. पेशंटची मजुरी बुडते आणि सोबत थांबणाऱ्याचीही. येण्याजाण्याचं भाडं, बाहेरचं जेवण, गावाहून आलेल्यांची राहायची सोय. हे विमा असला तरी बहुतेक भरून मिळत नाही. म्हणून तर निदान बिलाचा भाग तरी कुणीतरी उचललेला बरा.

मेडिक्लेम काढलेला नाही. म्हणजे आमचा विमाच नाही, बरोबर?

बहुधा चूक. महाराष्ट्रात राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आहे. ही योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने 8 जिल्ह्यांत सुरू झाली, 2013 मध्ये राज्यभर गेली आणि 2017 मध्ये तिला आजचं नाव मिळालं. जुने लोक अजून ‘जीवनदायी’च म्हणतात, काउंटरवरही ते चालतं. 2020 पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेला जोडून चालते. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचं संरक्षण होतं. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ते 5 लाख झालं.

हप्ता भरायचा नाही, फॉर्म भरून वाट बघायची नाही. रेशनकार्ड, आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र आणि डॉक्टरांचे कागद घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जायचं. तिथे ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. तो नोंद करतो, रुग्णालय मंजुरीसाठी कागद पाठवतं आणि मंजुरी आल्यावर उपचार सुरू होतात. तातडीच्या केसमध्ये फोनवरून मंजुरी घेऊन आधी उपचार, मग कागद अशीही सोय आहे.

आमचं रेशनकार्ड पांढरं आहे.

चालतं. पूर्वी पिवळं, केसरी, अंत्योदय, अन्नपूर्णा कार्डं आणि शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतले पांढऱ्या कार्डाचे शेतकरी एवढेच बसत. 2023 चा तोच निर्णय 1 जुलै 2024 पासून अमलात आला आणि पांढरं कार्डवालेही आत आले. उत्पन्न जास्त आहे म्हणून नकार मिळत असेल तर हेल्पलाइनला फोन लावा.

योजनेतलं हॉस्पिटल असूनही ‘ही केस बसत नाही’ म्हणतात. खरं असतं का?

कधी खरं असतं, कधी नसतं. योजनेत ठरावीक उपचारांची यादी आहे (2023 च्या निर्णयात 1,356 उपचार होते) आणि त्यातले काही फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. शिवाय एखादं हॉस्पिटल योजनेत असलं तरी सगळ्या विभागांसाठी असेलच असं नाही. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल.

पण ‘बेड नाही’, ‘सध्या योजना बंद आहे’, ‘आधी डिपॉझिट भरा, नंतर परत देऊ’ ही उत्तरं ऐकली की सावध व्हा. योजनेत मंजूर झालेल्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात. आरोग्यमित्राला समोर बोलवा, नकार कागदावर मागा आणि 155388 किंवा 1800-233-2200 या नंबरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. कागदावर नकार मागितला की बऱ्याचदा बेड सापडतो, हा आमचा अनुभव.

योजनेची एक उणीव मात्र मान्य करायला हवी. ती भरती झालेल्यांसाठी आहे. शुगर, बीपी, थायरॉइड, दम्याची रोजची औषधं, साधी ओपीडी, बाहेरच्या लॅबमधल्या तपासण्या यांना तिचा फारसा उपयोग नाही. आपल्याकडच्या घरांचा पैसा झिरपतो तो मुख्यतः इथूनच. त्यासाठी महापालिकेचा दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र, ‘आपला दवाखाना’ नावाचे सरकारी दवाखाने आणि जनऔषधी दुकान हे पर्याय आहेत. जनऔषधीत तेच औषध बरंच स्वस्त पडतं. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगायला लाजू नका.

आई-वडील सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांना आता कोण विमा देणार?

29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे. वय आधारवरून बघतात, त्यामुळे आधारवर जन्मतारीख चुकलेली असेल तर ती आधी दुरुस्त करा. जुन्या लोकांच्या आधारवर 1 जानेवारी किंवा 1 जून ही तारीख सर्रास सापडते, आणि त्यात वर्ष चुकलेलं असेल तर काम अडतं.

कंपनीचा ग्रुप विमा आहे. वेगळा कशाला?

नोकरी गेली की तो विमाही जातो, आणि नोकरी जाण्याचं कारण आजारपणच असेल तर नेमक्या वेळी हात रिकामे. कंपनी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे राजीनाम्याआधी एचआरला विचारा. त्यामुळे आधीची वर्षं वाया जात नाहीत.

पगार महिना 21,000 पर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयखाली (कर्मचारी राज्य विमा योजना) येत असेल तर तुमच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. त्या बदल्यात कुटुंबाला उपचार आणि आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भाग मिळतो. बुडालेल्या मजुरीचा विचार करणाऱ्या योजना मोजक्याच, त्यातली ही एक. पावतीवर कपात दिसते पण कार्ड काढलेलं नाही अशी माणसं आम्हाला सतत भेटतात. घरकाम करणाऱ्या बाया, बिगारी, डिलिव्हरीवाले यांना मात्र यातलं काही नाही. त्यांच्यासाठी रेशनकार्ड हाच आधार.

शुगर आणि बीपी आहे. आता मेडिक्लेम मिळेल?

मिळू शकतो, हप्ता जास्त पडेल. आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबायचा काळ (ज्यात त्या आजाराचा खर्च मिळत नाही) आता जास्तीत जास्त 3 वर्षं आहे, पूर्वी 4 होता. 65 वर्षांची जुनी वयोमर्यादाही 2024 मध्ये काढून टाकली. सलग 5 वर्षं पॉलिसी चालू राहिली की माहिती लपवल्याचं कारण देऊन कंपनी दावा नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. तरीही फॉर्ममध्ये आजार लपवू नका. एजंट म्हणेल, ‘काका, शुगर लिहू नका, हप्ता वाढेल.’ दावा नाकारला जातो तेव्हा एजंट तिथे नसतो.

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी रद्द झाला आहे, हा थोडा दिलासा.

विमा होता, तरी निम्मं बिल आम्हीच भरलं. मग काय उपयोग?

बहुतेक वेळा खोलीचं भाडं हे कारण निघतं. समजा तुमचा विमा 3 लाखांचा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा 1 टक्का, म्हणजे दिवसाला 3,000. तुम्ही 6,000 ची खोली घेतलीत. तुम्हाला वाटतं वरचे तीन हजार आपण भरू. तसं होत नाही. मोठ्या खोलीत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळंच महाग लागतं, म्हणून कंपनी या खर्चांनाही तेच प्रमाण लावते आणि निम्मेच देते. औषधं आणि इम्प्लांट यांना ही कात्री लावता येत नाही. भरतीच्या वेळी ‘जनरल नाही, ट्विन शेअरिंग द्या’ म्हणताना हे कुणी सांगत नाही. काउंटरवर उभं असतानाच पॉलिसीतली खोलीभाड्याची ओळ वाचा.

घरापासून सरकारी हॉस्पिटल पाच मिनिटांवर आहे. तिथे फुकट असताना विमा हवा कशाला?

सरकारी व्यवस्थेला नावं ठेवणाऱ्यांतले आम्ही नाही. परळचं केईएम, पुण्याचं ससून, टाटा मेमोरियल यांनी जेवढे गरीब पेशंट बरे केले तेवढे कुठल्याही पंचतारांकित हॉस्पिटलने केलेले नाहीत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार नि:शुल्क आहेत. पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात नव्हती, औषध संपलं तर चिठ्ठी बाहेरची मिळते आणि एमआरआयची तारीख लांबची लागते. योजनेचं कार्ड सरकारी रुग्णालयातही दाखवा. तुमचे पैसे वाचतात आणि रुग्णालयालाही योजनेतून निधी मिळतो.

पेशंट खासगी आयसीयूत आहे, विमा नाही, योजना तिथे लागू नाही. आज, आत्ता काय करू?

घाबरून सोनं मोडायला धावू नका, हा पहिला सल्ला. आधी डॉक्टरांना दोन गोष्टी थेट विचारा: पेशंट हलवण्याजोगा आहे का, आणि अजून अंदाजे किती दिवस आणि किती खर्च. खर्चाचा अंदाज हॉस्पिटलच्या लेटरहेडवर लेखी घ्या, पुढच्या प्रत्येक अर्जाला तो लागतो.

हलवता येत असेल तर योजनेतल्या जवळच्या हॉस्पिटलात बेड आहे का ते हेल्पलाइनवरून शोधा आणि तिथल्या आरोग्यमित्राशी बोलूनच ॲम्ब्युलन्स बोलवा. नुसतं उचलून नेलं आणि तिथे बेड नसला तर हाल होतात.

हलवता येत नसेल तर हे हॉस्पिटल धर्मादाय आहे का ते बघा. ट्रस्टची अनेक मोठी, चकाचक हॉस्पिटलं धर्मादाय असतात आणि नावावरून ते कळत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक नुसार त्यांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी बिलांतून 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागात जा, बिलिंग काउंटरवर नको. काउंटरवरच्या मुलाच्या हातात काही नसतं. टाळाटाळ झाली तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार होते.

जोडीला मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज करा. ही मदत हॉस्पिटलच्या खात्यावर जाते, म्हणून डिस्चार्जची वाट बघत बसू नका. बिल भरून झाल्यावर येणारे नातेवाईक आम्हाला फार भेटतात आणि त्यांना काही देता येत नाही.

क्राउडफंडिंगबद्दलही लोक विचारतात. ओळखीपाळखी असलेल्यांना पैसे मिळतात, नसलेल्यांची लिंक तशीच पडून राहते. त्याच्या भरवशावर ऑपरेशन ठरवू नये.

बिल भरलं नाही म्हणून पेशंटला सोडत नाहीत. हे चालतं?

नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या 2018 च्या रुग्णहक्क सनदेनुसार थकलेल्या बिलासाठी पेशंटला किंवा मृतदेह अडवून ठेवता येत नाही. हॉस्पिटल बिल वसुलीसाठी कायदेशीर मार्गाने जाऊ शकतं, तो वेगळा भाग. महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे तक्रार करा. आरडाओरडा, तोडफोड करू नका. गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

रस्त्यावर अपघात झाला तर?

108 लावा, ॲम्ब्युलन्स मोफत आहे. डिपॉझिट नाही म्हणून तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत. जखमीचा जीव वाचवणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलं आहे. मे 2025 पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमींना नेमून दिलेल्या रुग्णालयांत पहिले 7 दिवस, दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचार आहेत.

आम्ही सिंधुदुर्गातले, पेशंट गोव्यात बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजला) नेतो.

गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना किमान 5 वर्षं गोव्यात राहणाऱ्यांसाठी आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला 4 लाख. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला ती मिळत नाही, आणि गोवा मेडिकल कॉलेज 2018 पासून बाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेतं. निघण्याआधी महाराष्ट्राच्या हेल्पलाइनवर चौकशी करा आणि रेशनकार्डाची मूळ प्रत सोबत ठेवा.

आज कुणी आजारी नाही. मग आज काय करून ठेवावं?

रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का बघा. नवी सून आणि लहान मूल बहुतेक वेळा राहून गेलेलं असतं, आणि नाव नसलं की नेमकं त्यांच्याच वेळी अडतं. रेशनकार्ड, आधार आणि बाराअंकी ऑनलाइन रेशनकार्ड क्रमांक जुळतात का ते रेशन दुकानदाराकडून तपासून घ्या. सगळ्यांची आयुष्मान कार्डं काढा, आशाताई किंवा आपले सरकार सेवा केंद्र मदत करतं. घरापासून जवळचं योजनेतलं हॉस्पिटल कुठलं आणि तिथे कोणते विभाग आहेत ते 155388 वर विचारून कार्डाच्या झेरॉक्सच्या मागे लिहून ठेवा. ही झेरॉक्स घरातल्या किमान दोघांना कुठे ठेवली आहे ते माहीत असू द्या, कारण भरती व्हायची वेळ येते तेव्हा ती ठेवणाराच अनेकदा स्ट्रेचरवर असतो.